टाचेवरचा शेंदूर

मैदानाच्या कडेला सायकल उभी करावी, चपला काढाव्यात, उजवा हात मातीला लावून तो कपाळी न्यावा, आणि मगच चुन्याच्या घमेल्याकडे वळावे, हा मामांचा नेम मी कधी चुकलेला पाहिला नाही. त्यानंतरही ते आधी रेघ ओढत नसत. आधी ते जागा सोडत. गावदेवीच्या देवळाकडच्या कोपऱ्यात चार बोटांची फट, फटीच्या दोन्ही अंगांना, रेषेच्या बाहेरच्या कडेला, शेंदराची एकेक चिमूट, आणि मग तिथून निघून सबंध मैदानाला फेरी घालून पुन्हा तिथेच येऊन थांबणारी पांढरी रेघ. कुणी विचारले की म्हणत, “आदी दार, मंग घर. देवीला येयाजायाला वाट नको का?”

बोईसरच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे आणि ते शिपाई होते. शाळेतल्या शिपायाला सगळेच मामा म्हणतात. आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीतही असे एक मामा असतील. आमचे मामा उमरोळीहून सायकलने येत. घंटा वाजवणे, पाणी भरणे ही कामे ते करीत. पण मन लावीत ते मैदान आखण्यात. चुन्याची भुकटी, जिला आमच्याकडे फक्की म्हणतात, ती ते घरच्या पिठाच्या चाळणीने चाळीत. त्यावरून मामींशी त्यांचे तीस वर्षे भांडण चालू होते. “भाकरीत चुना येतोय,” असे मामी म्हणत. “दात घट्ट व्हतात,” असे मामा म्हणत.

एकदा नव्या क्रीडाशिक्षकांनी मोजपट्टी आणली आणि मामांचे मैदान अर्ध्या बोटाने चुकले आहे असे सर्वांसमक्ष जाहीर केले. मामांनी पट्टीचे टोक हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले आणि परत दिले. पट्टीचे पहिले अर्धे बोट मोडून गेलेले होते. “सर, पट्टी जरा लंगडी हाय,” एवढेच म्हणाले आणि पुन्हा वाकले.

आम्ही दोघेही निवृत्त झालो, तरी शाळेच्या मैदानावरचे कबड्डीचे सामने आम्हाला सुटले नाहीत. मी स्पर्धेच्या समितीचा अध्यक्ष झालो, कारण गावात पिकलेल्या केसांना मान असतो. मामा मैदान आखीत राहिले, कारण ते दुसऱ्या कुणाला येत नव्हते.

त्या वर्षी आमच्या औद्योगिक वसाहतीतली एक थंड पेये बनवणारी कंपनी स्पर्धेची प्रायोजक झाली. तिने एक ॲप आणले. प्रेक्षकांनी मोबाइल मैदानाकडे धरायचा, आणि पडद्यावर मैदान पाहायचे. कंपनीकडून आलेल्या एका तरुण अभियंता मुलीने मोबाइल माझ्या हाती दिला. मी तो डोळ्यांसमोर धरला आणि अक्षरशः दचकलो. मातीच्या जागी निळी चकचकीत चटई. तिच्यावर केशरी, झळाळणाऱ्या रेषा. रिकाम्या मैदानात आंब्याच्या झाडाएवढा उंच एक खेळाडू मांडी थोपटत उभा, आणि आकाशातून रंगीत कागदांचा पाऊस. मोबाइल खाली केला, माती. वर केला, चटई. आयुष्यभर मी मुलांना शिकवले की डोळ्यांनी पाहिलेले हे सर्वांत बळकट प्रमाण. त्या दिवशी माझेच डोळे मला दोन तऱ्हेने साक्ष देत होते.

मामांनी धोतराला हात पुसून मोबाइल घेतला. बराच वेळ पाहून विचारले, “माजी रेघ कुटं हाय यात?”

“तुमच्या रेषेवरच आमची रेषा बसते, मामा,” ती मुलगी म्हणाली. “तुमचे चार कोपरे बघूनच तर ॲप मैदान ओळखतं.”

मामांचा चेहरा उजळला. “म्हंजे आदी माजी, मंग तुमची.” आणि जो येईल त्याला हेच सांगत ते दिवसभर हिंडले.

अंतिम सामना उमरोळी आणि शिरगाव यांच्यात ठरला. म्हणजे एका बाजूला मामांचे गाव आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा जावई. शिरगावचा हा जावई त्याच कंपनीत कंत्राटी कामगार होता. दर काही महिन्यांनी त्याला घरी बसवले जाई आणि पुन्हा बोलावले जाई. कंपनीने जाहीर केले होते की जिंकणाऱ्या संघाच्या कर्णधाराला कारखान्यात कायमची नोकरी मिळेल. शिरगावचा कर्णधार तोच होता. मामांची मुलगी सकाळपासून उपाशी बसून होती, हे मला मामींनी सांगितले.

उमरोळीची मंडळी मामांना चिडवीत होती. “मामा, रातच्याला जेवाण कुनाकडं? घरी का लेकीकडं?”

“जो हरंल त्याच्याकडं,” मामा म्हणाले. “जिंकल त्याच्याकडं पंगत मोठी आसते. वाढपी इचारत नाय.”

सामना सुरू झाला आणि मला एक विचित्र गोष्ट जाणवली. हजारभर माणसे जमली होती, पण मैदानाकडे कुणी पाहत नव्हते. सगळे पडद्याकडे पाहत होते. आपल्या आवडत्या खेळाडूवर बोट दाबले की तो पडद्यावर मोठा होई, आणि बाके आरोळ्यांनी दणाणत. मीही मोबाइल धरूनच बसलो होतो. हे मी लपवीत नाही.

शेवटची चढाई उरली तेव्हा गुण समान होते. जावई आत शिरला. दम घुमवीत तो गावदेवीच्या कोपऱ्याकडे सरकला, पाय लांबवून त्याने कोपरारक्षकाला स्पर्श केला, तोल सावरला आणि वाऱ्यासारखा परतला. शिट्टी झाली. रेषापंचाने हात वर केला: पाय रेषेबाहेर, खेळाडू बाद. दुसऱ्या पंचाने मान हलवली: आत.

माझ्या पडद्यावर मी स्पष्ट पाहिले होते. केशरी रेषेच्या आत, चांगली वीतभर आत, त्याची टाच टेकली होती. माझ्यासमोर ध्वनिक्षेपक होता. मी बोलून गेलो, “आत होता.”

माझे ते दोन शब्द सबंध मैदानावर घुमले. बाके उसळली. “गुरुजी बोलले! गुरुजींनी सोता बगितला!” शिरगावची मंडळी मैदानात धावली. “आमच्या मोबाइलात हाय, या, दावतो!” कोपऱ्यातली रेघ त्या धावपळीत पुसून गेली. माती आणि चुना एक झाला. आता पाहायला काहीच उरले नव्हते.

मुख्य पंचाने गर्दी मागे सारली आणि मामांना बोलावले.

मामा आले. कोपऱ्याकडे त्यांनी एकदा पाहिले. मग वळून मध्यरेषेपाशीच उभ्या असलेल्या जावयापाशी गेले आणि त्याच्यासमोर गुडघा टेकून खाली बसले. “जावयबापू,” ते म्हणाले, “पाय द्या.”

जावयाने पाय उचलून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. वाचकहो, हे दृश्य मी पूर्वी पाहिले होते. मामांच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टके म्हणायला मी होतो. मामांनी असेच बसून, याच पायांवर तांब्याने पाणी घालून, ते आपल्या उपरण्याने टिपले होते. आजही त्यांच्या खांद्यावर ओला पंचा होता. उन्हामुळे ते तो भिजवूनच टाकत.

त्यांनी पाय वळवला. टाचेवर चुना होता. चुना सगळ्याच खेळाडूंच्या पायांना होता, त्याने काहीच सिद्ध होत नव्हते. पण या चुन्यात शेंदराचा ठळक पट्टा होता. सबंध मैदानात शेंदूर एकाच ठिकाणी होता, अंतिम रेषेच्या बाहेर, देवीच्या दाराशी. तिथे टाच पडल्यावाचून तो तिला लागणे शक्य नव्हते.

मी तिथून दहा पावलांवर होतो. गर्दी त्याहून मागे. ती टाच पाहणारे तिघेच: मामा, जावई आणि मी. पंच अजून गर्दीला हात पसरून थोपवीत होते. ओल्या पंच्याचे एक टोक मामांच्या मनगटावर आलेले होते. अंगठा एकदा फिरवला असता तर एक घर कायमचे उभे राहिले असते.

“बाबा,” जावई अगदी हळू म्हणाला.

मामांनी टाच पंचांच्या दिशेने वळवली. “बाद हाय,” ते म्हणाले. “देवीच्या दारातला शेंदूर हाय ह्यो.”

उमरोळी जिंकली, म्हणून लोकांनी मामांच्या सत्याला सत्य मानले नाही. “गावासाठी जावय इकला म्हाताऱ्यानं!” असे शिरगावच्या बाकांवरून कुणी ओरडले, आणि त्यावर उमरोळीचेच काही जण हसले. ज्या लोकांसाठी मामांनी तीस वर्षे मैदान आखले त्यांनीच पायांनी त्यांच्या रेघा विस्कटल्या. मुलगी जवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणीही नव्हते. “पुसायचा व्हता ना, बाबा,” ती म्हणाली. “हातात तर व्हता पाय.”

मामांनी वाकून दोरी गुंडाळायला घेतली.

मैदान रिकामे झाल्यावर ती अभियंता मुलगी मोबाइल घेऊन आमच्याकडे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “मामा, तुमचा तो कोपरा बंद नव्हता. फट होती. ॲपनं कोपरा चुकीच्या जागी धरला, म्हणून आमची रेषा त्या बाजूला वीतभर बाहेर सरकली. इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही.”

मामांनी त्या फटीच्या जागेकडे पाहिले. “म्हंजे लोकांना जे दिसला, ते माज्या दारामुळं?”

तिने मान डोलावली.

“मंग चूक माजी हाय,” ते म्हणाले. “पन पाय भायेर व्हता.”

मी त्यांची क्षमा मागितली. शब्द जुळत नव्हते. ज्याने आयुष्यभर इतरांची वाक्ये सुधारली त्याला स्वतःचे एक वाक्य धड उभे करता येईना. मामांनीच मला सोडवले. “तुमी खोटं नाय बोलला, गुरुजी. तुमी फकस्त दुसरीकडं बगत व्हता.”

त्यांनी घमेले, दोरी आणि चाळण शाळेच्या कोठीत ठेवली, चपला हातातच घेतल्या आणि सायकल ढकलत ते उमरोळीच्या रस्त्याला लागले. दिसेनासे होईपर्यंत मी त्यांना सायकलवर बसताना पाहिले नाही.

काही दिवसांनी ती मुलगी पुन्हा आली, कागद घेऊन. सामन्याच्या त्या क्षणाचे चित्रण शेकडो मोबाइलांत झाले होते, आणि ज्यांना काय घडले हे ठाऊक नव्हते त्यांना त्यात एक म्हातारा एका खेळाडूचा पाय गुडघ्यावर घेऊन बसलेला दिसत होता. लाखो लोकांना ते आवडले होते. कंपनीला ते दृश्य आपल्या जाहिरातीत हवे होते. जावयाला कायमची नोकरी मिळणार होती, बाटलीवर त्याचे चित्र येणार होते. फक्त मामांची संमती हवी होती. मी तिच्यासोबत उमरोळीला गेलो.

“गुरुजी, तुमीच वाचा,” मामा म्हणाले. “काय लिवलाय माज्याबद्दल?”

मी वाचले. “चाहता असे लिहिले आहे.”

“म्हंजे?”

“खेळाडूवर ज्याचा जीव असतो तो.”

त्या सामन्यानंतर मामा पहिल्यांदाच हसले. “जीव तर हाय. जावय हाय तो माजा.” आणि त्यांनी सही केली. सही करताना म्हणाले, “पोरगी बोलंल आता.”

मुलगी बोलू लागली. महिन्यातून एकदा येते, असे मामी सांगतात. जावई कायम झाला. पुढच्या वर्षी शाळेच्या मैदानावर खरोखरीची निळी चटई आली, तिच्यावर रेषा छापलेल्या होत्या आणि चारही कोपरे बंद होते. मामांना मी निरोप पाठवला होता. ते आले नाहीत. “आता आखायचा काय, पुसायचा काय,” एवढाच उलट निरोप आला.

परवा बाजारात दुकानदाराने ती बाटली माझ्यासमोर ठेवली. “गुरुजी, हिच्यावर मोबाइल धरा. तुमच्या ओळखीचं माणूस येतंय.”

मी धरला. त्या लाकडी फळीवर, डाळींच्या डब्यांपुढे, वीतभर उंचीचे मामा आले. तेच धोतर, खांद्यावर तोच पंचा. त्यांनी गुडघा टेकला. पाय हातात घेतला. रंगीत कागद बरसू लागले. त्यांनी पाय वळवला, आणि मी मोबाइल डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

टाच स्वच्छ होती. चुना नव्हता, शेंदराचा कणही नव्हता. कुणीतरी तो काळजीपूर्वक पुसून टाकला होता.

मामा त्या स्वच्छ टाचेकडे पाहतात, मान वर करतात, काही सांगण्यासाठी ओठ उघडतात, आणि तेवढ्यात दृश्य पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मी दुकानात किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक वेळी ते ओठ उघडत, आणि शब्द येण्याआधीच पुन्हा गुडघा टेकून खाली बसत.