अर्जाशिवाय न हलणारा बांध

कुदळीला हात न लावता आमच्या वरकुटे गावात सतरा विहिरी खणणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, तो म्हणजे आमचे भूगोलाचे सर. विहिरी शाळेच्या कॉम्प्युटरातल्या एका खेळात होत्या. ठोकळ्यांवर ठोकळे रचून सरांनी आम्हा मुलांकडून अख्खं गाव त्यात उभं करून घेतलं होतं. त्यात आम्ही फिरायचो, ऊस लावायचो, पाण्याच्या पाळीवरून भांडायचोसुद्धा.

नुसता लिहिलेला गृहपाठ सरांना अर्धा वाटे. अक्षर, चित्र आणि आवाज तिन्ही हवं. नदीच्या धड्यासाठी एकाने पाण्याचा म्हणून विहिरीवरच्या मोटारीचा अकरा मिनिटांचा आवाज आणला. सरांनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "बेअरिंग गेलंय. घरी सांग." मार्क मात्र पूर्ण दिले.

आठवीनंतर मला शेतात घालायचं आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलं होतं. शिकून घरात कुणी काही झालं नव्हतं, त्यामुळे त्यांचं चुकत होतं असंही नाही. ते माझा शाळा सोडल्याचा दाखला काढायला आले तेव्हा पडद्यावर आमचंच शेत होतं. आबा वाकले आणि दाखला विसरले.

"मास्तर, ह्यो बांध दोन हात आत आलाय की!"

सर हसले नाहीत. "व्हय. पण हितं बांध हलवायचा तर अर्ज लागतो, आबा. लेखी, नकाशा जोडून आणि अर्जदाराच्या आवाजात. तुमचं पोरगंच करंल. वेळ लागंल मात्र."

"कॉम्प्युटरात बी हेलपाटं?"

"काम पक्कं असतंय."

आबा दाखला न घेताच परतले. मग मी टेप घेऊन शेत मोजलं, नकाशा काढला, अर्ज लिहून मोबाइलवर वाचला. सरांनी तो परत केला. उत्तर दिशा दाखवली नव्हती. पुढच्या वेळी प्रमाण चुकलं, त्याच्या पुढच्या वेळी आवाजात जोर नव्हता. आबा दर महिन्याला शाळेत येऊन "कुठवर आलं?" विचारत. दोन हातांचं ते प्रकरण माझी दहावी होईपर्यंत चाललं. मंजुरी मिळाली तेव्हा दाखल्याची आठवण आबांना राहिली नव्हती.

यंदा मी पदवीधर झालो. सर निवृत्त होऊन बारामतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. पेढे घेऊन आबा आणि मी गेलो. सरांनी लॅपटॉपवर गाव उघडलं. आबांनी बराच वेळ बघून विचारलं, "ह्यात तुमचं घर कुठं हाय, मास्तर?"

"माझी कुठं जमीन हाय गावात?"

आबा माझ्याकडे वळले. "आपल्या बांधाला लागून मास्तरांना घर बांध. जागा कमी पडली तर बांध घे आत. दोन हात घे, चार घे."

"अर्ज लागंल," सर म्हणाले. चष्मा मात्र त्यांनी उगाचच दोनदा पुसला.

अर्ज मी त्याच आठवड्यात दिला. उत्तर दिशा आहे, प्रमाण बरोबर आहे, आवाजातही जोर आहे. सरांनी अजून मंजूर केलेला नाही. त्यामुळे दर महिन्याला मला बारामतीला जाऊन "कुठवर आलं?" म्हणून विचारावं लागतं.