गुळाचा डबा

आज सकाळी पोळ्या लाटताना घामाने चिंब झाले. वाटलं, पाळी जायचं वय, चालायचंच. तेवढ्यात दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरने मोबाईल वाजवला: साखर फार खाली गेलीय! लेकीने धावत येऊन तोंडात गुळाचा खडा घातला.

मैत्रिणींनो, तो मला गिळवेना.

मी बारावीत होते, तिसगावला. आई शुगरची गोळी घेऊन चतुर्थीचा उपवास धरायची. त्या दिवशी अशीच घामाघूम, थरथरत म्हणाली, "लई कसंतरी हुतंय गं. गूळ दे."

मी डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. "शुगर हाय ना तुला? पाळी जाताना घाम येतोच."

दुपारी आई गेली. सगळे म्हणाले, "चतुर्थीला गेली, भाग्याची."

डबा कुणी वर ठेवला, हे आज पहिल्यांदा सांगतेय.