दोन्ही हातांचा आशीर्वाद

अत-बाशी गावच्या बुरमाकानसारखे लोकरीचे गालिचे अख्ख्या खोऱ्यात कुणी करत नसे, आणि तिच्याइतकं हट्टीही कुणी नव्हतं. एकुलता एक तालाय रशियात कामाला निघाला, तेव्हा बाई इरेला पेटली. पोरगा दारात तळवे पसरून उभा, पण हिने मांडीवरचे हात उचलले नाहीत. आशीर्वाद न घेताच गेला बिचारा.

महिनाभरात राग विरघळला. तोवर सूनही त्याच्याकडे निघालेली. जाताना तिने सासूला नवा फोन शिकवला. नवऱ्यासारखीच तीही सासूला अपा, म्हणजे आई, म्हणायची.

"अपा, हे बटण अंगठ्याने दाबून धरायचं आणि बोलायचं. सोडलं की निरोप गेला."

"कळलं गं! मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मग दर शुक्रवारी बुरमाकान बोलायची. मेंढ्या, बर्फ, गुडघेदुखी. शेवटी यायचा आशीर्वाद. तो दोन्ही तळवे उघडून द्यायचा, मग ते चेहऱ्यावरून फिरवायचे. एका हाताने दिलेला आशीर्वाद कसला आलाय! म्हणून ती फोन हळूच मांडीवर ठेवायची, हात पसरायची आणि म्हणायची, "वाट मोकळी होवो, लेकरा. धडधाकट परत ये." डोळे भरून यायचे तिचे.

एकदा तालायने विचारलं, "अपा, काही सांगायचं राहिलंय का?"

"राहतंय कसलं मेल्या! दर शुक्रवारी सगळं सांगते की!"

"बरं, अपा," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या हिवाळ्यात तो परांचीवरून पडला. सून आयझिरेक शवपेटी घेऊन आली. दफन झालं, रडणाऱ्या बायका आपापल्या घरी गेल्या, तेव्हा ती सासूसमोर बसली.

"अपा, शेवटपर्यंत माफ नाही केलंत त्याला? प्रत्येक निरोप ऐकताना तळवे उघडून बसायचा. संपला की म्हणायचा, आजही नाही."

"अगं, दर वेळी दिला मी!"

आयझिरेकने त्याचा फोन काढून निरोप लावला. मेंढ्या, बर्फ, गुडघे. पुढे काही नाही. बुरमाकानने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि कपाळ बडवून घेतलं. "हात उघडायला सोडलं गं मी! हात उघडायलाच सोडलं!"

बऱ्याच वेळाने तिने स्वतःचा फोन सुनेच्या हातात दिला. "तू दाबून धर. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

मग तिने दोन्ही तळवे उघडले आणि सगळं म्हटलं, अगदी धडधाकट परत ये इथपर्यंत. चेहऱ्यावरून हात फिरवून ती म्हणाली, "सोड आता."

सुनेच्या मांडीवर तालायचा फोन वाजला.