काठोकाठ भरलेली वाटी

माझा स्वभाव तापट. आता वय झालं म्हणून लोक त्याला करारीपणा म्हणतात, पण ऐन उमेदीत तो निव्वळ तापटपणाच होता. गंमत अशी की यंत्रावर मी कधी चिडलो नाही. बिघडलेल्या इंजिनापुढे मी दिवसभर मांडी ठोकून बसायचो, प्रत्येक नट, प्रत्येक सांधा तपासायचो, आणि खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचो नाही. माणसांच्या वाट्याला मात्र माझी एवढी सबुरी क्वचितच आली. कल्याणला खाडीकाठच्या भातगिरणीत जे घडलं, ते त्यामुळेच घडलं.

आगगाडीच्या कारखान्यात दहा वर्षं फिटरकी करून मी त्या गिरणीत आलो होतो. गिरणीच्या शेठनी मुंबईतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातलं वाफेचं जुनं इंजिन विकत घेतलं आणि पडावात घालून खाडीने कल्याणला आणवलं. ते धक्क्यावर उतरवलं तेव्हा मी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. निम्मे भाग गंजलेले, निम्मे गायब. सगळा पावसाळा मी ते उघडून बसलो होतो. दट्ट्या नवा बसवला, बेरिंगांचं पितळ नवीन ओतून घेतलं, दांड्याला शेंदूर लावून तो फिरवायचा, बेरिंगवर शेंदूर लागेल तिथे खरवडायचं, पुन्हा शेंदूर लावायचा, असं आठवडेच्या आठवडे केलं. दसऱ्याला इंजिनाची पूजा झाली आणि गिरणी सुरू झाली, तेव्हा गावातली बरीच मंडळी नुसतं मोठं चाक फिरताना बघायला आली होती. मी दाराशी हाताची घडी घालून उभा होतो. त्या दिवशी माझ्याशी कोणी नीट बोलू शकलं नसेल, इतका मी फुगलो होतो.

इंजिनाला तेल घालायला शेठनी एक म्हातारा आगरी ठेवला होता. डोंबिवलीच्या पलीकडे खाडीलगतच्या गावातला. सगळा जन्म त्याने मिठागरावर काढला होता, पण आता मिठाच्या पाण्याने पायांना भेगा पडल्या होत्या आणि गुडघे धरले होते. सावलीतलं हे काम मिळालं म्हणून तो सुखावला होता. पहाटे अंधारात रुळांच्या कडेने चालत यायचा, दिवस उजाडायच्या आत हजर. त्याच्या गावात त्याला आता सगळे इंजिनवाला म्हणतात, हे त्याने मला एकदा लाजत सांगितलं होतं. तेल घालून झालं की तो प्रत्येक बेरिंगला हाताची मागची बाजू लावून बघायचा, ताप बघतात तशी. हे त्याला मी शिकवलं नव्हतं.

मोठ्या चाकाच्या मागे एक बेरिंग होतं. त्याला तेल घालायचं तर फिरत्या चाकाच्या कडेने वाकून आत हात घालावा लागे. सुरुवातीलाच एकदा म्हाताऱ्याचा पंचा चाकात अडकला. फाटला म्हणून तो वाचला. ते बघून मी एक युक्ती काढली. तेलाची पितळी वाटी अलीकडे, हाताशी बसवली आणि तिथून तांब्याची बारीक नळी भिंतीला धरून, खाडीकडच्या खिडकीखालून, थेट मागच्या बेरिंगपर्यंत नेली. नळीला चावी लावली. संध्याकाळी गिरणी बंद करताना चावी बंद करायची, सकाळी उघडायची, म्हणजे रात्रभर तेल ठिबकत नाही. आधी आम्ही एरंडेल वापरत होतो, पण ते दाट, त्या बारीक नळीतून उतरेना. चरबीचं नाव काढायची सोय नव्हती, कारण ह्या तांदळाचा देवाला नैवेद्य होतो असं शेठ म्हणायचे. तेव्हा मी खोबरेल आणवलं. पातळ, स्वच्छ, वासाला गोड. नळीतून झुळझुळ वाहायला लागलं. शेठ खूश, म्हातारा खूश, आणि माझ्या खुशीबद्दल तर बोलायलाच नको.

दोन महिने इंजिनाने एकदाही तक्रार केली नाही. मग पौषात एका सकाळी गिरणी सुरू होऊन पाऊण तास झाला असेल, तर करवत लोखंडावर घासावी असा आवाज आला आणि मागून धूर निघाला. मी धावत जाऊन वाफ बंद करायला लावली. मागचं बेरिंग इतकं तापलं होतं की वर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करून उडून जात होता. तेल पोहोचलं नव्हतं, हे उघडच होतं. मी आधी वाटी बघितली. ती काठोकाठ भरलेली होती. चावीही उघडी होती.

बेरिंग निवल्यावर मी कामाला लागलो. पितळावर ओरखडे उठले होते, ते खरवडून साफ केले. दोरा ताणून दांडा सरळ आहे का ते पाहिलं, सरळ होता. पट्टा फार ताणला असेल म्हणून थोडा सैल केला. नळी सोडवली, तोंड लावून फुंकली, हवा आरपार गेली. पुन्हा जोडली, चावी उघडली, तेल बोटावर झुळझुळ आलं. दुपारी गिरणी चालू केली ती संध्याकाळपर्यंत सुरळीत चालली.

चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. पुन्हा धूर, पुन्हा वाटी काठोकाठ, पुन्हा मी दुपारपर्यंत सगळं उघडून पाहिलं आणि पुन्हा काहीच सापडलं नाही. मधले दोन दिवस आभाळ भरून आलेलं होतं आणि त्या दोन्ही सकाळी इंजिन व्यवस्थित चाललं होतं, ह्याकडे माझं लक्षच गेलं नाही. मी विचार केला तो असा. वाटीतलं तेल पाऊण तासात निम्म्यावर यायला हवं. ती जर धूर निघाल्यावरही काठोकाठ भरलेली असेल, तर तिच्यात तेल धूर निघाल्यानंतर पडलंय. म्हणजे म्हातारा सकाळी तेल घालायला विसरतो आणि आवाज आला की घाईघाईने वाटी भरून ठेवतो. हिशेब मला बिनचूक वाटला. इंजिनात दोष नाही, नळीत दोष नाही, म्हणजे राहिला माणूस.

त्याला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. मी तसं केलं नाही. पाखडणाऱ्या बायका सुपं खाली ठेवून बसल्या होत्या, हमाल पोत्यांवर बसले होते, शेठ उपरणं सावरत आत आले होते. सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, "बाबा, सकाळी झोप लागते का तुम्हाला? मागाहून वाटी भरून ठेवता आणि माझं इंजिन जाळता."

तो गोंधळला. "मिस्तरी, तेल मी टाकलाय. इंजिन चालू व्हयाच्या आदी टाकलाय."

"मग ते गेलं का नाही?"

"त्ये मना काय ठाव? तेल टाकाचा माझा काम, त्यो मी केलाय."

मी आणखी बरंच बोललो. काय काय बोललो ते लिहायला आज हात धजत नाही. शेवटी शेठ म्हणाले, "वाद कशाला? बेलभंडार आणा. तू तो उचलून सांग, की तेल वेळेवर घातलं. मी मानीन."

गिरणीच्या देव्हाऱ्यातून कोणीतरी बेलाचं पान आणि हळद तबकात आणली. म्हाताऱ्याने तबकाकडे पाहिलं, हात मागे घेतले. "चमचाभर तेलासाठी देवाला मधी नाय घालनार मी," तो म्हणाला. "माझ्या सबुदावर इस्वास नाय तं नाय."

तो घाबरला, असंच सगळ्यांनी मानलं. मीही. शेठनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तो कोपऱ्यातला आपला फडका घडी करून घेऊन गेला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही, आणि मला त्याचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी तेल घालायला माणूस नव्हता, म्हणून पहाटे मीच गेलो. इतक्या पहाटे मी गिरणीत पहिल्यांदाच पाऊल ठेवत होतो. माझी हजेरी इंजिन चालू झाल्यावर असायची. थंडी कडाक्याची होती आणि खाडीवरून बोचरा वारा येत होता. दाराशी तेलाचा डबा होता. मी तो वाटीवर कलता केला. काही पडेना. आणखी कलता केला. आत पाहिलं तर तेल पांढरंशुभ्र थिजून घट्ट बसलेलं.

बॉयलर पेटवणारा गडी मागून म्हणाला, "असं नाय मिस्त्री. म्हातारबाबा आल्या आल्या डबा भट्टीशी ठेवायचे. पातळ झालं की मग घालायचे."

"मला कधी बोलले नाहीत."

"ह्यात बोलायचं काय? घरी डोक्याला लावायचं तेल आपण शेकतोच की."

मी डबा तिथेच ठेवला आणि खिडकीखाली गेलो. नळीला हात लावला, ती बर्फासारखी गार होती. दोन्हीकडचे सांधे सोडवले आणि बेरिंगकडून तार घालून ढकलली, तर दुसऱ्या टोकातून खोबरेलाची एक पांढरी काडी हळूहळू बाहेर आली आणि तुटून खाली पडली. रात्रभर चावी बंद. नळी तेलाने भरलेली. खाडीच्या वाऱ्यावर ते तेल थिजत होतं, आणि सकाळी म्हातारा वर शेकलेलं, पातळ तेल इमानाने घालत होता. ते थिजलेल्या तेलावर जाऊन थांबत होतं. म्हणून वाटी काठोकाठ. मी नळी सोडवायचो तेव्हा बेरिंगची धग आणि दुपारचं ऊन यांनी आतलं सगळं वितळून गेलेलं असायचं. ढगाळ पहाटे थंडी कमी, म्हणून त्या दिवशी इंजिन चालायचं.

नळी माझी होती. चावीची कल्पना माझी होती. एरंडेल सोडून खोबरेल आणलं तेही मी. लहानपणी हिवाळ्यात आई तेलाची वाटी चुलीच्या वैलावर ठेवायची, हे मला ठाऊक होतं. आपल्याकडे ते कोणाला ठाऊक नसतं? आणि तरी मी चार दिवस शेंदूर आणि दोरा घेऊन बसलो होतो. मला फार लाज वाटली. इतकी की त्या गड्यासमोर मला मान वर करता येईना.

नळीला गोणपाट गुंडाळलं, गरम राखेच्या पुरचुंड्या तिला लावल्या, आणि सूर्य वर येईपर्यंत इंजिन चालू केलं नाही. ते व्यवस्थित चाललं. मग शेठना काही न सांगता मी रुळांच्या कडेने डोंबिवलीकडे निघालो. म्हातारा पुन्हा मिठागरात बांध घालत होता. पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्याला तोच फडका बांधलेला. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं, नळी, चावी, थिजलेलं तेल. त्याने काम न थांबवता ऐकून घेतलं.

"चूक माझी," मी म्हणालो. "तुम्ही उद्या परत या."

तो जरा वेळ चिखल थापत राहिला. "मिस्तरी, मना चोर ठरवला तो सगल्यांच्या म्होरं. आता हितं दोगांत सांगताव. तितं सांगा सगल्यांच्या म्होरं, मी येतू."

"सांगतो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनीच सगळ्यांना एकत्र बोलावलं. बॉयलरवाल्या गड्याकडून त्यांना दोष सापडल्याचं कळलं होतं. बायका, हमाल, सगळे जमले. म्हातारा आला होता. आत न येता तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या मिस्त्रींनी शोधून काढलं. थंडीने तेल थिजत होतं. दुसऱ्या कोणाला सापडलं नसतं." लोक माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. एका बाईने माझ्याकडे बघून दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर मोडली.

शेठ म्हणाले, "तुम्ही सांगा, कसं काय झालं ते."

मी सांगितलं. खिडकी, वारा, नळीतली पांढरी काडी, सगळं नीट समजावून सांगितलं. थंडी म्हणालो, तेल म्हणालो. नळी कोणी बसवली, ते म्हणालो नाही. दोन-तीनदा जिभेवर आलं आणि दरवेळी कोणीतरी मान डोलावली, आणि मी पुढे गेलो. शेवटी मी म्हणालो, "ह्यात कोणाचाच दोष नव्हता."

म्हाताऱ्याने तेवढं ऐकलं. आणखी काही येतंय का, म्हणून तो थोडा थांबला. मग चौकटीवरचा हात काढला आणि रुळांच्या दिशेने चालू लागला. गुडघ्यांमुळे तो फार हळू चालायचा. फाटकापर्यंत पोचायलाच त्याला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मी त्याला दहा वेळा हाक मारू शकलो असतो. पण हाक मारली असती, तर ती का मारली हे सगळ्यांना सांगावं लागलं असतं.