हसू नका, हलू नका

पासपोर्टचे फोटो काढण्यात फोटोवाल्या काकांची छत्तीस वर्षं गेली. दिवसभर एकच जप: हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका, हलू नका. लोकांना सांगता सांगता त्यांचं स्वतःचंच थोबाड गोठलं. लग्नाच्या वाढदिवसालाही गडी व्हिसा मागायला निघाल्यासारखा बसायचा. "तुझ्या बापाला गुदगुल्या करायच्या तर आधी अर्ज द्यावा लागेल," असं बायको लेकीला सांगायची.

मग हात थरथरायला लागले. फोटो हलायला लागले आणि स्टुडिओचं शटर कायमचं खाली आलं. कॉम्प्युटरचा माउस धरला की पडद्यावरचा बाण माशीसारखा भिरभिरायचा. प्रवास तर बंदच. काका खिडकीशी बसून रस्त्यावरच्या लोकांच्या माना मनातल्या मनात सरळ करायचे.

परगावी कॉम्प्युटर कंपनीत असलेल्या लेकीला हे बघवेना. तिनं पडद्यावरचं एक दालन बनवलं. ब्राउझरमध्ये उघडायचं, की दहा गावांतली दहा माणसं एकाच खोलीत, प्रत्येकाचा एक पुतळा. हात लावायचाच नाही, कॅमेरा चेहरा बघणार. भुवया उंचावल्या की पुतळा पुढे, मान फिरवली की तो वळणार, हसलं की हात हलवणार.

आज तिच्या कंपनीचे मोठे साहेब ते तपासणार होते. काकांनी दालनाच्या दारापासून साहेबांच्या खुर्चीपर्यंत पुतळा चालवून दाखवायचा, बस. नाही जमलं तर लेकीची दोन वर्षं पाण्यात.

काका बसले. समोर कॅमेरा लागला आणि झालं! हनुवटी खाली, कान मोकळे, नजर सरळ. पुतळा दारातच खिळला.

"बाबा, भुवया!" लेक म्हणाली.

"हं," काका ओठ न हलवता म्हणाले.

"अहो, हला की जरा! पोरीचं वाटोळं करताय," मागून बायको फिसकारली.

"कॅमेरा चालू आहे," काका दातांतल्या दातांत म्हणाले.

"नेट गेलं वाटतं यांचं," मोठे साहेब वैतागले आणि त्यांनी गाल तळहातावर टेकवला. तिकडे त्यांच्या पुतळ्याची मानही कलली.

काकांना ते दिसलं. असली मान त्यांनी छत्तीस वर्षांत कुणाची खपवून घेतली नव्हती.

"साहेब, मान वाकडी!" भुवया थेट कपाळात गेल्या आणि पुतळा निघाला. "डावीकडे घ्या. अहो, इतकी नाही, अशी!" काकांनी स्वतःची मान फिरवून दाखवली, पुतळा वळला. संतापानं भुवया खाली येईचनात. टेबलाला वळसा घालून, दोन अधिकाऱ्यांच्या पुतळ्यांमधून पुतळा साहेबांच्या नाकासमोर जाऊन उभा राहिला.

"हनुवटी खाली. कान दिसू द्या."

साहेबांनी मुकाट्यानं ऐकलं. "मंजूर," ते म्हणाले, तेही मान न हलवता.

"बाबा, तुम्ही चालत आलात," लेक म्हणाली. तिचा पुतळा खुर्चीच्या शेजारीच होता. काका दोन वर्षांत तिच्या इतके जवळ आले नव्हते. ते तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या पुतळ्याचा हात वर गेला. हलायला लागला. थांबेचना.

"बाबा, हात खाली घ्या आता, साहेब बोलतायत."

"कसा घेऊ?" काका म्हणाले. "तोंड ऐकत नाहीये माझं."