तांड्याचा चढ आणि नवऱ्याचं वेल्डिंग

आमची पिकअप तांड्याच्या चढावर अडली तेव्हा मांडव गाडीत होता आणि नवरी वर हळद लावून बसली होती. अडली म्हणजे बंद पडली नाही. इंजिन चालू होतं, आवाजही भरपूर होता, पण गाडी पुढे जाईना. माझा पोरगा क्लच सोडायचा, गाडी थरथरायची आणि वीतभर मागे यायची. मी आणि तांड्यातल्या दोन बाया मागच्या चाकाला दगड लावत उभ्या होतो. शेवटी तांड्याच्या नाइकानं वरून माणसं बोलावली. पाइप, कनाती, सतरंज्या, भाजीचे गंज, सगळं डोक्यावर वर गेलं. खुर्च्या पाहुण्यांनीच एकेक उचलल्या. ज्यानं खुर्ची वर नेली त्यानं ती दिवसभर दुसऱ्याला बसायला दिली नाही.

संध्याकाळी नाइकानं मला बाजूला घेतलं.

"बाई, मांडव तुमचा अन् हमाली आमची, हे कोणतं शास्त्र हाय?"

"गाडी म्हातारी झाली, नाईक."

"तुमीबी झाल्या. तुमी तर आल्या ना चढून." मग तो सरळ बोलला. "पुढच्या साली माह्या नातीचं लगन हाय. तुमची गाडी माह्या दारात येऊन उभी राह्यली तर मांडव तुमचा. नाई तर रिसोडवाला हाय. त्याची गाडी नवी हाय."

नाइकाच्या दारात ज्याचा मांडव पडतो त्यालाच आजूबाजूचे तांडे बोलावतात. मानोऱ्याकडचे हे तांडे म्हणजे आमची निम्म्याहून जास्त लग्नसराई. ते गेले तर बिछायत केंद्राच्या पाटीवर गोवऱ्या थापायच्या.

हे बिछायत केंद्र माझ्या नवऱ्यानं काढलं. लग्नाला, तेरवीला, जयंतीला लागणारं सगळं आम्ही भाड्यानं देतो. नवरा वारला तेव्हापासून गाडी पोरगा चालवतो आणि मी त्याच्या शेजारी बसते, कारण परत येताना भांडी मोजावी लागतात आणि पोराला लोकांच्या तोंडावर "पळी कुठे गेली" असं विचारता येत नाही. मला येतं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पळ्या मोजायला तेवढी पुरते.

पोरानं गाडी मंगरूळपीरला मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री पानाचा तोबरा भरून इंजिनाभोवती फिरला, मग म्हणाला, "मावशी, गाडीत दम हाय, पण तिले श्वास घेता येऊन नाई राह्यला."

त्यानं हवेचा फिल्टर उघडला. आत उंदराचं घर. घर कशाचं, तर आमच्याच गाद्यांमधल्या कापसाचं. उंदरीण आत बाळंत होऊन, पिल्लं मोठी करून, बिऱ्हाड हलवून गेली होती आणि आम्ही इकडे इंजिनाला शिव्या देत होतो.

"हिच्याकून भाडं वसूल करा," मिस्त्री म्हणाला.

फिल्टर नवा बसवला. नोझल साफ केले. गाडी जरा हलकी पळायला लागली. चढते का ते पाहायला आम्ही मांडव भरून ती पुन्हा तांड्याच्या चढावर नेली. मागच्या वेळी अडली होती त्याच्या पुढे मोहाच्या झाडापर्यंत गेली आणि तिथं उभी राहिली. मोहाच्या झाडाखाली कोणाचं लग्न नव्हतं.

परत मिस्त्रीकडे. आता त्याला चेव आला. "पंप वाढवून देतो," म्हणाला. ह्या इंजिनाला जो पंप डिझेल पुरवतो त्याच्यावर एक स्क्रू असतो. तो फिरवला की इंजिनात डिझेल जास्त जातं, आणि डिझेल जास्त गेलं की ताकद जास्त येते. कंपनी तो स्क्रू तारेनं बांधून वर शिशाचं सील मारते. म्हणजे हात लावू नका. मिस्त्रीनं पक्कड काढली.

"अन् सील कायले मारलं व्हतं?" मी विचारलं.

"मावशी, कंपनीवाले डरपोक राह्यते."

सील तुटलं. स्क्रू फिरला. पोरानं पायडल दाबलं तर गाडी अशी गुरगुरली की गॅरेजमधलं कुत्रं उठून दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलं. पोराच्या तोंडावर तर असं हसू की त्याच्या लग्नातही मी तसं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडव भरला, वर पांढरे पडदे आणि गाद्या टाकल्या आणि चढाला लागलो. गाडी मोहाच्या झाडावरून अशी पुढे गेली, जणू त्या झाडाशी तिचं काही भांडणच नव्हतं. पोरगा ओरडत होता, "पाह्य माय, पाह्य!" मी पाहतच होते, पण मागे. मागे काही दिसत नव्हतं. नुसता काळा धूर. जे डिझेल जास्त गेलं होतं ते काही सगळं जळत नव्हतं, उरलेलं काजळी होऊन बाहेर पडत होतं. आमच्या गाडीचा धूर खालून निघत नाही, नवऱ्यानं सायलेन्सरला मांडवाचा पाइप जोडून तो केबिनच्या मागे उभा केला होता, ट्रकसारखा. त्यामुळे ती सगळी काजळी अचूक आमच्या पांढऱ्या पडद्यांवर पडत होती.

आणि मग उष्णतेचा काटा लालमध्ये गेला. नाइकाचं घर समोर दिसत होतं. बोनेटखालून शिट्टी वाजली, रबरी पाइप फाटला आणि वाफेचा फवारा उडाला. नाईक ओट्यावर दात कोरत बसला होता. तो सावकाश उतरून आमच्यापर्यंत चालत आला.

"चढली का नाई, नाईक?" पोरानं वाफेतूनच विचारलं.

"चढली. पण म्या दारात म्हणलं व्हतं, दाराच्या खाली नाई." मग त्यानं मागे डोकावलं. "अन् बाई, हा मांडव लग्नाचा हाय का तेरवीचा?"

पडदे मी सोड्यात उकळले, दगडावर आपटले, उन्हात टाकले. राखाडी झाले. त्याच्यापुढे गेले नाहीत. मिस्त्री म्हणाला, गाडी अशीच दोन-चार वेळा तापवली तर इंजिनाचं हेड जाईल. मी म्हटलं, हे तू स्क्रू फिरवायच्या आधी सांगायचं असतं. तो म्हणाला, "मावशी, आता टर्बो बसवू."

टर्बो म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबायचं यंत्र. हवा जास्त असली की डिझेल पूर्ण जळतं, धूर कमी आणि ताकद जास्त. हे मला पटलं, चुलीलाही फुंकणी लागतेच. पण जुन्या इंजिनात एवढं कोंबलं तर ते फुटणार नाही का, असं विचारल्यावर मिस्त्रीनं पिचकारी मारून टर्बोची किंमत सांगितली. पोराला मात्र टर्बोनं झपाटलं. त्यानं घरामागचे सगळे वाकडे पाइप भंगारात विकून टर्बो आणायचं ठरवलं. पाइप भंगारात घालायचे तर वजन करायला हवं, म्हणून आम्ही बाजार समितीजवळच्या धर्मकाट्यावर आधी रिकामी गाडी चढवली.

काटेवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मावशी, गाडीत काय हाय?"

"काई नाई. रिकामी हाय."

"पोराले उतरवा खाली."

पोरगा उतरला. मीही उतरले. काटेवाल्यानं पुन्हा आकडा पाहिला, बाहेर येऊन गाडीभोवती फिरला, वाकून खाली पाहिलं.

"अशीच गाडी इथं रोज सोयाबीन घेऊन येते. तिच्या रिकाम्या वजनापेक्षा तुमची रिकामी गाडी चार क्विंटलनं जास्त हाय. हे घरून जेवून आली का?"

तेव्हा मी आमची गाडी पहिल्यांदा नीट पाहिली. रोज बसणारा माणूस गाडी पाहत नाही.

नवऱ्यानं एका साली वेल्डिंगचं मशीन घेतलं होतं आणि मांडवाचा एकही तुकडा त्यानं त्यानंतर वाया जाऊ दिला नाही. उरलेला पाइप दिसला की तो गाडीला जोडायचा. समोर जेलच्या फाटकासारखा गार्ड. त्या गार्डाला ठोकर बसू नये म्हणून त्याच्या पुढे अजून एक गार्ड. हौद्यात पत्रा, पत्र्यावर पत्रा. बाजूला उंच जाळ्या. टपावर कॅरियर, कॅरियरवर चढायला शिडी, शिडीला धरायला दांडा. त्या शिडीवर कोणी कधी चढलं नाही. मला चढायला म्हणून दाराखाली एक पायरी केली होती, तिच्यावर हत्ती उभा राहिला असता. आणि कॅरियरवर सळईचं भलंमोठं धम्मचक्र, सगळ्या आऱ्यांसकट. म्हणजे तांड्याचा चढ चढताना आम्ही चार-पाच जाडे वऱ्हाडी कायमचे बसवून नेत होतो, आणि तेही मांडवाच्या वर.

"कापून टाक सगळं," मी पोराला म्हटलं.

तो माझ्याकडे असा पाहायला लागला जसं मी त्याच्या बापालाच कापायला सांगितलं. "माय, बाबाच्या हातचं हाय."

"हाव. म्हणूनच एवढं भारी हाय."

"आठवण हाय त्यायची."

"आठवण डोक्यात ठेव. टपावर कायले ठेवतं?"

"तू अशी काहून बोलतं वं? तुले काहीच वाटत नाई का?"

"वाटते ना. नाइकाच्या दारात रिसोडवाल्याचा मांडव पाह्यला तर लय वाटन."

घरी जेवताना तो म्हणाला, "अन् चक्र? चक्र कापशीन?"

"चक्र विहाराच्या कमानीवर लाव. तिथं त्याले चढ चढाचा नाई."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं की कमानीवर ते मावेल का. मावलं.

कापायला गॅसकटरवाल्याकडे नेली. पोरानं स्वतः कापायचं म्हटलं. काळा चष्मा लावून तो दोन दिवस कापत होता. चष्म्याच्या आत काय चाललं होतं ते मी विचारलं नाही. कटरवाला मात्र घाम पुसत म्हणाला, "मावशी, हे वेल्डिंग कोणं केलं? गाडी तुटन पण हे नाई तुटाचं." माझ्या नवऱ्याच्या कामाचं असं कौतुक तो जिवंत असताना कोणी केलं नव्हतं. मी कटरवाल्याला चहा पाजला.

भंगारात एवढं लोखंड गेलं की भंगारवाल्यानं विचारलं, पूल पाडला का. टर्बोचं नाव मी काढू दिलं नाही. त्या पैशात रेडिएटर साफ झालं, नवे रबरी पाइप आले, सायलेन्सर पुन्हा खाली गेला. पंपाचा स्क्रू मिस्त्रीला मागे घ्यायला लावला. तो नाराज झाला. मी म्हटलं, पूर्ण नको, धूर दिसणार नाही आणि काटा लालमध्ये जाणार नाही एवढं जास्तीचं राहू दे. मिस्त्री म्हणाला, "मावशी, तुमी भाजीत मीठ टाकल्यासारखं बोलून राह्यल्या." मी म्हटलं, मग तसंच टाक, चाखून.

जाळ्या आणि कॅरियर गेल्यावर एक नवीन अडचण झाली. पूर्ण मांडव आता एका खेपेत मावत नव्हता. पोरगा म्हणाला, "नाईक म्हणन, अर्धाच मांडव आणला."

"म्हणू दे. अर्धा खाली ठेवू, पुन्हा येऊ."

नाइकाच्या नातीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही चढाला लागलो. खाली पहिला गिअर टाकला तो टाकलाच. मी रस्त्याकडे पाहतच नव्हते, काट्याकडे पाहत होते. मोहाचं झाड गेलं. काटा मधेच होता. मागे धूर नव्हता. आणि वळणावर पोरगा ओरडला, "माय, बँड!"

बँडवाले रस्ताभर पसरून, ढोल पाठीला लावून आरामात वर चालले होते. ह्या चढावर थांबलं की गाडी पुन्हा उचलत नाही, हे आम्ही पुरेसं शिकलो होतो. मी खिडकीतून अर्धी बाहेर निघाले.

"सरका रे बापहो! थांबलो तर गाडी तुमच्याच अंगावर येईन!"

"मावशी, तुमी तर वर चालल्या, अंगावर कशी येईन?" एक जण चालता चालताच म्हणाला.

"वर जाऊन येईन, तुह्यासाठी खास!"

ते हसत बांधावर चढले. गाडी त्यांच्या बाजूनं माणसाच्या चालीनं पुढे सरकत होती. ढोलवाला होता आगाऊ, त्यानं ढोल पुढे घेतला आणि इंजिनाच्या ठोक्यावर वाजवायला लागला. मग ताशावाल्यालाही राहवलं नाही. बाकीचे गाडीमागे लागले. आम्ही असे वाजतगाजत तांड्यात शिरलो. वरच्या बायांना वाटलं, नवरदेव एक दिवस आधीच आला. त्या गाणं म्हणतच बाहेर आल्या, एकीच्या हातात तर ताट होतं. गाडी नाइकाच्या ओट्याला लागून उभी राहिली, दार उघडलं आणि मी उतरले.

गाणं थांबलं. ताटवाली बाई माझ्याकडे बघत राहिली. "हा तर लय जुना नवरदेव आणला," ती म्हणाली.

नाईक हसत हसत खाली आला. आधी त्यानं चाक आणि ओटा यांच्यामधलं अंतर पाहिलं. मग हौद्यात पाहिलं. "बाई, मांडव तर अर्धाच दिसून राह्यला."

"अर्धा खाली हाय. तुमी गाडी दारात म्हणले व्हते. भरून म्हणले नव्हते."

"वकिली कुठी शिकल्या?"

"बिछायतीत. मांडव आमचा का रिसोडवाल्याचा, ते सांगा."

"उतरवा," तो म्हणाला. "अन् दुसरी खेप लवकर आणा. वरच्या तांड्याचा कारभारी येऊन राह्यला, त्याच्या पोराचं लगन ठरलं. त्याच्या घरचा चढ पाह्यला का तुमी?"

पाहिला नव्हता. नाइकानं हात वर केला तिकडे पाहिलं, तर टेकडीच्या पोटावर रस्त्याची एक पांढरी रेघ सरळ वर गेलेली. पोरगाही तिकडे पाहत होता. मग तो गाडीकडे वळला, पुढून मागे एक चक्कर मारली आणि माझ्या बाजूचं दार हातानं उघड-बंद करून पाहिलं.

"माय, हे दारबी तसं भारीच हाय, नाई?"

"आधी पाइप उतरव," मी म्हटलं.