आधी सांग, समोर कोण आहे?

दोहातल्या आमच्या कॉलेजात मुलींची हॉकी बघायला लोक यायचे, पण आमच्यासाठी नव्हे. पाकिस्तानी मुलींचा संघ समोर असला की पायऱ्यांवरसुद्धा जागा नसायची. एरवी आमचा खेळ पाण्याच्या बाटल्या तेवढ्या बघायच्या. आणि हे सगळे स्वतःला कॉलेजचे कट्टर पाठीराखे म्हणवत!

अशात क्रीडाधिकारी म्हणाले, "शुक्रवारच्या सामन्याला निम्म्या खुर्च्या भरल्या नाहीत, तर खलास. मैदानाची वेळ फुटबॉलला."

मी पत्रक लिहायला बसले. पत्रकं लिहिण्यात माझा हात धरणारं कॉलेजात कोणी नव्हतं. कँटीनच्या बेचव डाळीवर मी तीन काढली होती. या पत्रकात समोरच्या संघाचं नाव मुद्दाम टाकलं नाही. ठळक अक्षरांत लिहिलं : "समोर कोण, हे विचारून येणारा पाठीराखा नव्हे, गिऱ्हाईक आहे!"

कँटीनमध्ये वाटायला गेले. पहिल्याच टेबलावरून एकाने विचारलं, "पण समोर कोण आहे?"

"तुम्ही आमच्यासाठी येणार की त्यांच्यासाठी?"

"ते कळल्यावर ठरवू ना!"

घरी अम्मीने पत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं. "काय गो, कुणाशी खेळताय तेच नाही यात."

"नर्सिंग कॉलेजशी. काय फरक पडतो?"

"नर्सिंग? अगो, तिथली गोलकीपर म्हणजे आपल्या गावच्या मास्तरांची नात! हॉस्टेलला एकटी राहते पोर." आणि तिने फोन उचलला.

शुक्रवारी मी स्टिक घेऊन मैदानात उतरले आणि बघतच राहिले. दोहातली आमची निम्मी रत्नागिरी लोटली होती. समैस्माच्या समुद्रावर जायचा बेत रद्द करून मामू सहकुटुंब आले होते, बिर्याणीच्या डब्यांसकट. आणि बसले कुठे? त्या गोलकीपरच्या मागे! आमच्या बाजूला माझी पत्रकं खुर्च्यांवर आरामात पसरली होती.

मध्यंतरात मी तावातावाने गेले. "अम्मी, तू कुणाच्या बाजूने?"

"तुझ्याच गो. पण तिला गोल नको घालूस. तिची आई नाही इथे बघायला."

शेवटच्या मिनिटापर्यंत एकही गोल झाला नव्हता, तेवढ्यात आम्हाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. मी जीव खाऊन फटका मारला. मास्तरांच्या नातीने आडवं पडून तो पॅडवर घेतला. काय तो गलका! सगळ्यांत मोठा आवाज अम्मीचा.

सामना बरोबरीत सुटला. खुर्च्या मोजून झाल्यावर अधिकारी खुशीत म्हणाले, "एवढे पाठीराखे आहेत तुमचे?"

खोटं मला लिहिता येत नाही, बोलता तर त्याहून नाही. "आमचे नाहीत सर. त्यांचे आहेत."

"खुर्च्या भरल्या ना? मैदान तुमचंच. यल्ला, बाहेर पडा आता, फुटबॉलवाले थांबलेत."

पुढच्या पत्रकात मी निमूटपणे समोरच्या संघाचं नाव सगळ्यांत वर छापलं. खाली मात्र ठणकावून लिहिलं : "समोर कोणीही असो, टाळ्या आम्हालाच!" अम्मीने पहिली ओळ वाचून चष्मा काढला.

"यांच्यात आपल्याकडची कोण आहे का गो?"